चार दिवस कडी काढू नको

ती घटना आजही आठवते, असं लिहून पोलिसांच्या आठवणींच्या लेखांची सुरुवात करायची पद्धत आहे. माझ्या बाबतीत ते पुरेसं नाही. निवृत्त झाले, आजी झाले, गुडघे गेले, शेजारणींची नावं विसरायला लागले. ही एक केस मात्र जागची हलत नाही. विसरायला मी कमी प्रयत्न केले असं नाही.

त्या वेळी मी घाटावरच्या एका ठाण्याची ठाणेदार होते. घाटावर म्हणजे आमच्या बुलढाणा जिल्ह्याचा वरचा भाग, मराठवाड्याला खेटून असलेला. माझं माहेर घाटाखालचं, वरवट बकालच्या बाजूचं. ठाण्याचं नाव आणि माणसांची नावं लिहीत नाही. ठाणेदारीणबाईंचं, म्हणजे माझंच, वर्णन मात्र करते, कारण त्यांच्याशिवाय ही केस कळायची नाही.

गणवेशाला इस्त्री इतकी कडक की बाई बसल्या की कापड कुरकुरायचं. सावलीतसुद्धा गॉगल. टेबलावरच्या पाटीवर स्वतःचं नाव एवढं मोठं लिहून घेतलेलं की खाली हुद्दा मावेना. पेंटरनं तो कडेला तिरपा काढून दिला. बाईंचा समज होता की आपण चार्ज घेतला आणि हद्दीतला गुन्हा घाबरला. गुन्ह्याला तसं कळवायचं तेवढं राहून गेलं होतं.

एका सकाळी हजेरी संपली आणि एक बाई आत आली. तिशीची, डोक्यावर भाजीची पाटी. घरची अर्धा एकर ओलिताची जमीन, त्यात मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावायची आणि आजूबाजूच्या गावांचे आठवडी बाजार करायची. पाटी भिंतीशी ठेवून म्हणाली, "मॅडम, तक्रार नाही द्यायची. सांगायचं हाये."

"सांगायचं असेल तर लिहून घ्यावं लागेल," मी म्हणाले.

"मंग नाही सांगत." तिनं पाटी उचलली.

आमचे जमादार मध्ये पडले. निवृत्तीला आलेले, पोट सुटलेले, हद्दीतल्या प्रत्येक घराचं दार माहीत असलेले. "बस व माय. मॅडम नव्या हायेत. पाणी पे अगोदर."

पाणी प्यायल्यावर तिनं पदराची गाठ सोडली आणि गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली. सगळे खड्डे फोडलेले. "हे रोज निघते त्याच्या खिशातून. दारू पेत नाही तो, वास येत नाही तोंडाले. पण गाडीवर डोये मिटतात त्याचे. परवा धाड गावाच्या अलीकडं जीप नाल्यात घातली. आत पंधरा-सोया मानसं होते, मॅडम. कोनाचं काही झालं नाही, ते देवाचं देनं."

'तो' म्हणजे तिचा नवरा. धाड ते बुलढाणा काळी-पिवळी जीप चालवायचा.

"मग काय करू? अटक करू?"

"नाही, नाही. तुरुंगात नका टाकू. मारू बी नका. ह्या गोया कुठून येतात ते बंद करा. मले तो जित्ता पाह्यजे, बाकी काही नको."

तिनं एवढंच मागितलं होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवावं. मी ठेवलं नाही.

त्या गोळीला आमच्याकडे 'बटन' म्हणत. मूळची झोपेची गोळी. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असा नियम. दारूला वास असतो, गांजाला धूर असतो, गोळीला काहीच नसतं. त्यामुळे ती घरात शिरली तरी घरच्यांना पत्ता लागत नाही. जीपवाले घेत, खदानीवर गिट्टी फोडणारे घेत, कॉलेजची मुलं घेत. आणि ज्यांचा कुणाला संशयही येणार नाही अशा कापूस वेचणाऱ्या बायाही घेत. कारण आमच्याकडे दुकानात जाऊन "अंगदुखीचा डोस द्या" म्हणायची रीत आहे. दुकानदार चार-पाच सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतो. कोणती गोळी कशाची, हे देणारा सांगत नाही, घेणारी विचारत नाही. त्या पुडीत एखादं बटन असलं की दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा त्याच दुकानात येते. दुकानदाराला एवढंच हवं असतं.

मी स्टेशन डायरीला नोंद केली, मिळालेली माहिती लेखी करून वरिष्ठांना कळवली, जमादारांनी नाव घेतलेल्या औषधाच्या दुकानावर दोन दिवस माणूस बसवला. मग ठाणेदारीणबाईंनी ठरवलं, बनावट ग्राहक म्हणून आपण स्वतः जायचं. जमादारांच्या बायकोचं लुगडं आणलं. मी घाटाखालची, वऱ्हाडी माझ्या आईची भाषा, बोलण्यात खोट निघणार नव्हती. दुकानात जाऊन कंबर धरून उभी राहिले. "भाऊ, लय दुखून राह्यलं. झोप नाही रातभर. डोस दे ना मजबूत." त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुडी बांधली, पुढे सरकवली. सगळं इतकं सुरेख जमलं होतं. मी पुडी घेतली, आणि वीस वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "बिल द्या."

त्यानं मान वर केली. लुगड्यापासून चेहऱ्यापर्यंत सावकाश पाहत आला. पुडी माझ्या हातातून अलगद परत घेतली आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही आधी डॉक्टरले दाखवा. असं चिठ्ठीबिगर औषध आम्ही देत नाही."

बाहेर जमादार सायकलच्या दुकानापाशी उभे होते. हसू दाबून दाबून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं. "मॅडम, आजवर त्या दुकानात बिल फक्त औषध निरीक्षकानं मांगितलं असन."

दुसऱ्या दिवसापासून त्या दुकानात बटन मिळेना. म्हणजे ते बंद झालं नव्हतं, फक्त आतल्या खोलीत गेलं होतं. आता आतली माहिती देणारं कोणी हवं होतं. मी भाजीवालीच्या नवऱ्याला ठाण्यात बोलावलं.

चौकशीची मी मोठी तयारी केली होती. खुर्ची भिंतीकडे, गॉगल डोळ्यांवर, काठी टेबलावर. तो आला तो हसतच. उंच, सडपातळ, केसांना तेल लावून नीट भांग पाडलेला. "मॅडम, गाडी साइडले लावली. चालन ना?" मी दरडावून विचारायला सुरुवात केली. माल कोण देतो, किती देतो, केव्हापासून. पाच मिनिटं बोलल्यावर पाहते तर गडी झोपलेला. हनुवटी छातीवर, घोरणं संथ. माझ्या दराऱ्याची हकिगत हद्दीभर सांगणाऱ्यांनी ही हकिगत का सांगितली नाही, हे जमादारांनाच माहीत.

दुसऱ्या दिवशी मी काठी काढून ठेवली आणि चहा मागवला. तेव्हा तो बोलला. पाठीचं दुखणं होतं, दिवसाला सहा खेपा, खड्ड्यांचा रस्ता. दुकानदारानं डोस दिला. "त्याच्यात एक पांढरी गोयी राहे. बाकीच्या फेकल्या तरी चाले, तिच्यानं बरं वाटे. मंग मी तीच मांगू लागलो. आधी एक, मंग दोन. आता मोजत नाही मी."

"पैसे कुठून आणतोस?"

"पैशाचं काम नाही मॅडम. माल माह्याच गाडीवर येते ना."

आमच्या भागात जीपवाला हा पोस्टमनही असतो. कुणाचा डबा, मोटरीचा पार्ट, औषधाचा खोका. हात दाखवला की टपावर चढतो आणि पुढच्या गावी उतरतो. कुणी पावती विचारत नाही. जालन्याकडून आलेला खोका धाडच्या थांब्यावर त्याच्या जीपवर चढायचा. भाडं म्हणून दुकानदार त्याला गोळ्यांची पाकिटं द्यायचा. आणि खोका दुकानात उतरत नव्हता. शेजारच्या पिठाच्या गिरणीत उतरायचा. गिरणी दुकानदाराच्या भावाची.

मी खुर्चीतून उठलेच. जमादारांना म्हणाले, कागद घ्या, जबाब लिहा. तो म्हणाला, "मॅडम, लिहा, पन माहं एक ऐका. हे एकदम बंद नाही होत. दिवाईत दोन दिवस माल आला नाही तं मले फिट आली. जीभ चावली. हे पाहा." त्यानं जीभ बाहेर काढली. कडेला जुनी, पांढरट खूण होती.

"ते राहू दे. खोका कोणत्या दिवशी येतो?"

जमादारांनी लिहिता लिहिता विचारलं, "फिटचं घेऊ का मॅडम?"

"कशाला? गुन्ह्याशी काय संबंध त्याचा?"

पोलिसी जबाब कसा तयार होतो हे बाहेरच्या वाचकाला ठाऊक नसतं म्हणून सांगते. माणूस बोलतो ते जसंच्या तसं लिहिलं जात नाही. तो तासभर बोलतो, आम्ही त्यातून कामापुरतं उचलतो आणि आमच्या भाषेत बसवतो. ठाणेदारीणबाईंच्या डोक्यात खटला आधीच उभा राहिला होता, आणि त्या खटल्यात हा माणूस माझा पहिला साक्षीदार होता. गोळ्या खाणारा, फिट येणारा साक्षीदार म्हणजे बचावाच्या वकिलाला आयता घास. म्हणून जबाबात तो 'वाहनचालक, राहणार अमुक, माल वाहून आणतो' एवढाच उरला. त्याची जीभ मी कागदावर येऊ दिली नाही.

छापा मात्र नियमात बसवून घातला. लेखी परवानगी, राजपत्रित अधिकारी, दोन पंच, औषध निरीक्षक. गिरणी चालू होती. खोका धान्याच्या पोत्यांमागे असणार म्हणून आम्ही पोती ओढली, वरचं एक पिठाचं पोतं फुटलं आणि अख्खं पथक पांढरं झालं. पंच शिंकत होते, निरीक्षक चष्मा पुसत होते. पोत्यांच्या मागे एक नाही, चार खोके निघाले. पंचनामा, मोजणी, लाखेची सीलं, सह्या. सगळं टेबलावर मांडून फोटो. त्या फोटोत मधोमध उभी आहे ती मी. कपाळावर पीठ आहे आणि डोळ्यांवर गॉगल. घरातल्या अल्बममध्ये नातीनं तो पाहिला आणि विचारलं, "आजी, हे भूत कोण?" बरोबर ओळखलं पोरीनं.

छाप्याच्या दुसऱ्या दिवशी भाजीवाली आली. "मॅडम, माल तं धरला. आता त्याचं काय? सकायपासून हात कापून राह्यले त्याचे. गोयी नाही भेटली कुठं."

जमादार म्हणाले, "मॅडम, सरकारी दवाखान्यात दाखवून घेऊ का? मी नेतो गाडीवर."

याचं उत्तर मी विचार करून दिलं, घाईत नाही. दवाखान्यात नेलं की केसपेपर होणार. केसपेपरवर व्यसनाची नोंद येणार. ती नोंद उद्या न्यायालयात वकील फडकवणार. म्हणून मी जमादारांना म्हणाले, "काही गरज नाही." आणि तिला जवळ बसवून सांगितलं, अगदी मोठ्या बहिणीच्या मायेनं सांगितलं, "आता बाजारात गोळीच उरली नाही. हीच वेळ आहे. त्याला खोलीत घाल आणि बाहेरून कडी लाव. खायला-प्यायला खिडकीतून दे. ओरडेल, रडेल, शिव्या देईल, तुझ्या माहेरचा उद्धार करील. चार दिवस कडी काढू नको. चार दिवसांनी तुझा माणूस तुला परत मिळेल."

"मरनार तं नाही ना मॅडम?"

"व्यसन सुटताना कोणी मरत नाही. व्यसनानं मरतात."

हे वाक्य मला इतकं आवडलं की त्याच आठवड्यात एका शाळेतल्या व्यसनमुक्तीच्या भाषणात मी ते पुन्हा वापरलं. टाळ्या पडल्या.

मधल्या दिवशी घरी जाऊन पाहून येते, असं मी तिला म्हणाले होते. त्या दिवशी जिल्ह्याला पत्रकार बोलावले होते, मी तिकडे गेले.

चौथ्या दिवशी सकाळी गावचे पोलीस पाटील आले. खोलीत माणूस मेलेला आहे म्हणून खबर होती.

मी स्वतः गेले. मातीची खोली, एक लहान खिडकी. तो दाराशी पडला होता. जीभ पुन्हा चावलेली. दाराच्या आतल्या बाजूला ओरखडे होते. मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल करून पंचनामा सुरू केला. ती ओट्यावर बसली होती. रडून झालं असावं किंवा अजून सुरू व्हायचं असावं. मला पाहून उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही म्हनलं तसंच केलं मी. पह्यल्या दिवशी शिव्या देल्या त्यानं. दुसऱ्या दिवशी हात जोडले खिडकीतून. म्हने, मले दवाखान्यात ने, माह्या डोक्यात वीज चमकून राह्यली. माहा हात गेला व मॅडम कडीवर. पन तुम्ही सांगितलं होतं ना, असंच करन म्हनून. मी नाही काढली. काल दुपारी लय आदळआपट झाली, मंग गप झाला. मले वाटलं झोपला. बरं वाटलं मले. मी इथंच बसून मेथीच्या जुड्या बांधल्या."

शवविच्छेदनाच्या वेळी सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "एवढ्या गोळ्या घेणाऱ्याला त्या अशा एकदम तोडत नाहीत. झटके येतात, त्यात माणूस जातो. दवाखान्यात ठेवून हळूहळू उतरवाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी जरी आणला असता तरी कदाचित वाचला असता. कोंडायला सांगितलं कोणी हिला?"

मी म्हणाले, "खेड्यात सांगतात असं काहीबाही."

हे माझं उत्तर. नोकरीत मी चोरांची, लाचखोरांची, एकदा एका खुन्याची खोटी उत्तरं ऐकली आहेत. इतकं सफाईदार मला एकाचंही आठवत नाही.

मर्गच्या कागदात मी लिहिलं, दीर्घकाळ गोळ्यांचे सेवन केल्याने झटके येऊन मृत्यू, घातपाताचा संशय नाही. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तिनं अंगठा दिला. जाताना माझ्या पाया पडली. "तुम्ही लय केलं मॅडम. त्याचंच नशीब खोटं." जमादार दुसरीकडे पाहत होते. निवृत्तीपर्यंत त्यांनी मला त्या विषयावर एक शब्द विचारला नाही, आणि हसवलंही नाही.

खटला काही वर्षांनी उभा राहिला. माझा पहिला साक्षीदार जिवंत नव्हता. पंच म्हणाले आम्ही फक्त सह्या केल्या. दुकानदार सुटला. आज त्या रस्त्यावर भावाच्या नावानं दोन दुकानं आहेत. बटन गेलं नाही. त्याच्या जोडीला खोकल्याचं औषध आलं, मुलांच्या दप्तरात आणखी कसल्या कसल्या पुड्या आल्या. धामणगाव बढे या गावी असलेले माझ्या नात्यातले एक शिक्षक सांगतात, मुलगा वर्गात झोपला तर पूर्वी आम्ही खडू मारायचो, आता खिसे तपासतो. मला प्रशंसापत्र मिळालं. ते फ्रेम करून घरात लावलं होतं, निवृत्तीनंतर काढलं. भिंतीवर चौकोनी डाग राहिला, तोही रंग देऊन घालवला.

मागच्या वर्षी मी धाडच्या बाजाराला गेले. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून मी उगाचच हिंडत असते. अर्ध्या पैशात पूर्ण म्हातारी नेतात. बाजारात भाजीच्या ओळीत ती दिसली. केस पांढरे, हात तसेच चपळ. मला तिनं पाहिलं नाही. तिच्याशेजारी दुसरी एक बाई बसून रडत होती. मी मेथी पाहायचं निमित्त करून उभी राहिले.

"काल कोंडला त्याले," रडणारी सांगत होती. कोणाबद्दल, ते पुढच्या वाक्यात कळलं. "सख्खा भाऊ हाये व माहा. सारा कापून राह्यला. म्हने भिंतीतून मुंग्या निघून राह्यल्या. पाहवत नाही मले."

"दम धर," भाजीवाली म्हणाली. "चार दिवस. माह्या मानसानं तीनच धरले. एक दिवस कमी पडला त्याचा. मले ठाण्याच्या मॅडमनं सांगितलं होतं, चार दिवसांत सुटते. मी किती जनींले सांगितलं आजवर. तू कडी काढू नको फक्त."

किती जनींले. मी ते ऐकलं. तिथेच पोत्यावर बसले.

तिनं ओळखलं. "अगं बाई! मॅडम! म्हाताऱ्या झाल्या व तुम्ही!"

मी तिच्याशी बोललेच नाही आधी. त्या दुसरीला म्हणाले, "बाई, तू आत्ताच्या आत्ता जाय. भावाले बाहेर काढ. गाडी कर अन् बुलढाण्याले जिल्हा रुग्णालयात ने. कोणत्या गोळ्या घेते, किती घेते, सारं सांग डॉक्टरले. कोंडून ठेवला तं फिट येऊन मरन तो."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. कोण ही म्हातारी, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तिनं भाजीवालीकडे पाहिलं. भाजीवाली माझ्याकडे पाहत होती. हातातली जुडी अर्धी बांधलेली. मला वाटतं, त्या तेवढ्या वेळात तिला सगळं समजलं. मी पुढचं काही सांगायच्या आधीच.

"जाय व," ती दुसरीला म्हणाली. आवाज अगदी साधा. "पह्यले कडी काढ. ह्या मॅडमच हायेत त्या."

ती बाई पळत गेली. आम्ही दोघीच उरलो. गिऱ्हाईक आलं, तिनं भाव सांगितला, ते गेलं. मग मी सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, त्यानं मला जीभ दाखवली होती ते, दवाखान्यात मी का नेऊ दिलं नाही ते. जबाब द्यावा तसं सांगितलं, एकही वाक्य न गाळता.

तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे माहा हात कडीवर गेला होता, तवा काढली असती तं?"

"वाचला असता कदाचित."

"कदाचित नका म्हनू मॅडम. एक सांगा."

"वाचला असता."

तिनं जुडी पुरी बांधली. बाजूला ठेवली. दुसरी घेतली.

"तवा काऊन नाही सांगितलं?"

"भ्याले."

"मले भ्याल्या?" ती जरा हसली, ते हसू मला अजून दिसतं. "इतके वर्षं मी त्याच्यावर राग धरून बसली, मॅडम. एक दिवस दम निघाला नाही याच्यानं म्हनून. पोरीच्या लग्नात सारे म्हनत, त्याचा फोटो मांड. मी नाही मांडला. आता काय करू मी त्या रागाचं?"

"माझ्यावर धर."

"तुमच्यावर धरून काय होते? तुम्ही जिल्ह्याले होत्या त्या दिवशी. आवाज तं तो मले देऊन राह्यला होता."

मी उठले तेव्हा तिनं मेथीच्या दोन जुड्या माझ्या पिशवीत घातल्या. पैसे दिले तर घेतले. मी ठाणेदार असताना बाजारात घेत नसे.

त्या भावाला वेळेत नेलं. दोन आठवडे ठेवून घेतलं, वाचला. मी चौकशी केली. घरी आल्यावर काही दिवस बरा होता, आता पुन्हा घेतो म्हणतात. जिवंत आहे, यापलीकडे त्याची बहीण काही सांगत नाही, आणि मी विचारत नाही. तिनं ज्या इतर बायांना सांगितलं होतं त्यांच्या घरांत काय झालं, हे शोधायला मी दोन गावं हिंडले. कोणी बोललं नाही. अशा मरणाची घरं बोलत नाहीत, हे पोलीस असताना मला माहीत होतं.

या केसनं काय शिकवलं, ते लिहायची इथे रीत आहे. गुन्हेगार पकडायला मी नोकरीत शिकलेच होते. गुन्हा उघड झाला म्हणजे घर सुटलं असं नसतं, हे उशिरा शिकले. आणि तेही दुसऱ्याच्या नवऱ्याच्या जिवावर. घरातला माणूस गोळ्या घेत असेल तर त्याला कोंडू नका आणि एकदम तोडू नका. डॉक्टरकडे न्या, सरकारी दवाखान्यात न्या, पोलीस नको म्हणाले तरी न्या. हे एवढं त्या दिवशी मला सांगता आलं असतं, तर बाकीची सगळी नोकरी केली नसती तरी चाललं असतं.